फोन मुंबईत, शेत पोलादपुरात

शेतीची माहिती मोबाईलवरून शेतकऱ्यापर्यंत पोचवायची, हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे ते का अडलं आणि शेवटी थोडंफार कशामुळे जमलं, ते सांगतो. महाड-पोलादपूरच्या आतल्या वाड्यांमध्ये कुणी असा गट सुरू करणार असेल तर त्याचा एखादा हंगाम तरी वाचेल.

आधी जागा सांगतो. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की कापडे येतं. आमची वाडी तिथून आत, डोंगराच्या पोटाशी. घरटी काही गुंठे भाताची खाचरं आणि वर उतारावर वरकस जमीन, तिच्यात नाचणी आणि वरी. भातानंतर जिथे ओल राहते तिथे वाल नाहीतर पावटा. खाचरं इतकी लहान की काहींत बैलजोडी वळवायलाही जागा पुरत नाही. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. भात घरी खायला पिकतो, विकायला फारसा उरत नाही.

आणि माणसं मुंबईत. घरटी एक-दोन पुरुष मुंबईला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत. शेतात असते आई, बायको, म्हातारा बाप. लावणीला आणि गणपतीला मुंबईकर येतात, चार दिवस राबतात आणि एसटी धरतात. सातबाऱ्यावर नाव त्यांचं, चिखलात पाय बायकांचे. मोठा फोन अर्थातच मुंबईकरांकडे. घरी असतो तो बटणांचा.

मोबाईलवर शेतीची माहिती ही काही नवी गोष्ट नाही. केंद्र सरकारचं किसान कॉल सेंटर २००४ साली सुरू झालं. २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा महाराष्ट्रात आली. पैसे भरले की बाजारभाव आणि हवामान एसएमएसने यायचं. घाटावरच्या कांदा-द्राक्षवाल्यांना तिचा उपयोग होता. आमच्याकडे विकायलाच काही नाही, तर भाव घेऊन काय करणार? २०१३ साली एमकिसान आलं आणि फुकट एसएमएस यायला लागले. माझ्या वडिलांच्या जुन्या फोनवर मराठी अक्षरं उमटायचीच नाहीत, नुसते चौकोन यायचे. ते मला विचारायचे, "हे काय आलंय रे?" मी मुंबईत कांजूरमार्गला कामाला होतो. फोनवरून काय सांगणार. "पुसून टाका," म्हणायचो.

२०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमुळे मी गावी आलो. शाळेत क्वारंटाइन राहून मग घरी. नोकरीचं काही खरं नव्हतं, म्हणून थांबलो तो थांबलोच. त्या वर्षी सगळीच पोरं गावात होती. आम्ही काही जणांनी वाडीतल्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप गट केला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. वीज गेली, रेंज गेली, गट कित्येक दिवस मुका. पुन्हा सुरू झाला तेव्हा लावणीची घाई होती आणि गणपती झाल्यावर पोरं हळूहळू मुंबईला परत जायला लागली. फोन त्यांच्याबरोबर गेले. गट चालूच राहिला, पण त्यातली बहुतेक मंडळी आता नालासोपारा, डोंबिवली, घाटकोपरला बसून शेतीचे मेसेज वाचत होती.

हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही. मेसेज गेला की दोन निळ्या खुणा यायच्या, अंगठे यायचे, हात जोडलेले यायचे. वाटायचं, पोचतंय.

पुढच्या वर्षी मे महिन्यात कुणीतरी एक मेसेज पुढे ढकलला: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सल्ला खोटा नव्हता. घाटावर सोयाबीन, तूर, कपाशी घेणाऱ्यांना तो दरवर्षी दिला जातो आणि बरोबरच आहे. पण आमच्याकडे भाताचं रोप धूळवाफेवर पेरतात. २५ मेच्या सुमाराला रोहिणी लागतात, राब भाजून झालेला असतो, कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचं आणि पावसाची वाट बघायची. पहिल्या पावसात बी उगवतं. मुंबईतल्या एका मुलाने मेसेज वाचला आणि आईला फोन केला, "एवढ्यात पेरू नको, सरकारचा मेसेज आलाय." बाईने आयुष्यभर रोहिणीत पेरलेलं. पण मुलगा शिकलेला, मेसेज सरकारचा. ती थांबली. मग पाऊस असा लागला की राब चिखल होऊन बसला. शेजारच्यांचं रोप वीतभर झालं तेव्हा हिचं नुकतं डोकं वर काढत होतं. लावणीला तिने दुसऱ्याकडचं उरलेलं रोप मागून आणलं.

ती मला काही बोलली नाही. माझी आई बोलली. "त्या फोनात बघून शेती करायची तर पाऊसपण फोनातच पाडा."

मग आला २२ जुलै २०२१. महाडला सावित्रीचं पाणी शहरात शिरलं, तळियेवर दरड आली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर आली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. फोनपुरतं सांगतो. वीज नव्हती, टॉवर बंद होते, कोण कुठे आहे कळत नव्हतं. एका टेंपोच्या बॅटरीवर फोन लावून टेपाडावर चढायचं आणि रेंजची एखादी कांडी दिसते का बघायचं. दिसली की मुंबईला एकच फोन करायचा, पुढचं मुंबईकर सगळ्यांना कळवायचे. गटाचा तेव्हा जो उपयोग झाला तसा शेतीसाठी कधीच झाला नव्हता. मी घाबरलेलो होतो, आणि गटात नुसतं "आम्ही ठीक आहोत" लिहिताना बोटं नीट चालत नव्हती.

पाणी ओसरल्यावर खाचरांत दगडगोटे आणि गाळ. लावलेला भात कुठे वाहून गेला, कुठे गाडला गेला. तेव्हा आमचे कृषी सहायक पायी वाडीत आले. शेवटच्या टप्प्यात रस्ताच नव्हता. ते म्हणाले, उरलेल्या ठिकाणी दाट जागेतली चुडं काढून विरळ जागी लावा, आणि परत पेरायचं असेल तर हळवं भात बघा, गरव्याला आता वेळ नाही. दोन वाक्यं, पण ती आमच्या खाचराच्या बांधावर उभं राहून सांगितलेली. लोकांनी ती ऐकली. माझ्या गटात पडलेल्या शंभर मेसेजचं कुणी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मी त्यांना विचारलं, की तुम्हाला एवढी गावं, तुम्ही रोज येऊ शकत नाही. फोनवर तुम्हाला दाखवलं तर चालेल का? ते म्हणाले, "दाखवा. पण नीट दाखवा."

हे 'नीट' शिकायला वेळ लागला.

पुढच्या पावसाळ्यात एका खाचरातला भात कडेने पांढरा पडायला लागला. लांबून बघितलं तर करपल्यासारखा. मालक मुंबईत. त्याला घरून फोन गेला, "भात करपला." त्याने इंटरनेटवर करपा शोधला, औषधाचं नाव बायकोला सांगितलं, तिने पोलादपूरला जाऊन बुरशीनाशक आणलं, पंप भाड्याने घेऊन फवारलं. काही फरक नाही. तेव्हा तिने मला हाक मारली. मी फोटो काढून कृषी सहायकांना पाठवला. त्यांचा फोन आला. त्यांनी फोटोबद्दल काहीच न बोलता प्रश्न विचारले. पानावर ठिपके आहेत की रेषा? रेषा असतील तर शिरांच्या बाजूने सरळ आहेत का? रोपाला हलवल्यावर काही उडतं का? वहिनींनी चूड हलवली, तर निळसर काळे, चकचकीत लहान भुंगे उडाले. करपा नव्हताच. निळे भुंगेरे होते. ते पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, म्हणून पांढऱ्या रेषा पडतात आणि शेत लांबून जळाल्यासारखं दिसतं. कोकणात हे नेहमीचं, पण आमच्या वाडीत त्याला वेगळं नाव नव्हतं, सगळंच 'करपलं'. कीटकाला बुरशीनाशक मारल्यावर काय होणार? पैसे गेले, दिवस गेला, आणि वहिनींच्या डोळ्यांत औषध उडालं ते वेगळंच. डोळे दोन दिवस लाल होते.

त्या दिवसापासून आमच्याकडे फोटोचे काही नियम झाले. एक फोटो आख्ख्या खाचराचा, रोग कडेला आहे की मध्ये ते कळावं म्हणून. एक एका चुडीचा, मुळासकट उपटून. एक पानाचा, जवळून, मागे तळहात धरून, म्हणजे कॅमेरा पानावर स्थिरावतो. उन्हात नाही, सावलीत. पानाची खालची बाजूही. आणि फोटोबरोबर बोलून सांगायचं: जात कुठली, लावणी कधी झाली, युरिया कधी टाकला, खाचरात पाणी किती आहे. युरियाचं विचारलं की लोक जरा गप्प होतात. मुठीने टाकलेला असतो, मोजलेला नसतो.

काही तपासण्या फोनशिवायही होतात, त्या आम्ही या फोनांतूनच शिकलो. मधला पोंगा सुकला असेल तर तो ओढून बघायचा. सहज हातात आला तर आत खोडकिडा. पानांची टोकं कापल्यासारखी आणि पाण्यावर पानांच्या छोट्या नळ्या तरंगताना दिसल्या तर सुरळीतली अळी. तिला आधी औषध लागतच नाही. दोघांनी दोन बांधांवर उभं राहून भातावरून दोरी ओढायची, नळ्या पाण्यात पडतात, मग ते पाणी खाचराबाहेर काढायचं. कडा पिवळ्या पडून नागमोडी सुकत चालल्या तर पानाचा तुकडा कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरायचा. दुधासारखा धागा सुटला तर कडा करपा, मग युरिया बंद. हे शेवटचं मला फार आवडतं. म्हाताऱ्यांनाही आवडलं, कारण ते डोळ्यांना दिसतं.

पण फोटो काढायला मोठा फोन लागतो आणि तो घरात नाही, ही अडचण तशीच होती. त्यावर उपाय मला सुचला नाही. तो आमच्या शेजारच्या काकींना सुचला. काकी बचत गटात आहेत. अक्षरओळख बेताची, फोन बटणांचा. त्या म्हणाल्या, "वाचायचं कशाला? तू बोल ना. आमी ऐकतो."

साध्या फोनवरूनही एका वेळी चार-पाच फोन जोडता येतात. आम्ही तेच केलं. जेवणं झाल्यावर, भांडी घासून झाली की एकेका वाडीतल्या बायका एका ओटीवर बसायच्या, फोन मध्ये, स्पीकर चालू. मी टेपाडावरच्या घरातून जोडून द्यायचो, कारण तिथे रेंज टिकते. पलीकडे कधी कृषी सहायक, कधी किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातले एखादे शास्त्रज्ञ. रोहा आमच्यापासून इतकं लांब की जाऊन यायचं तर दिवस जातो आणि मजुरी बुडते. सुरुवातीला ते साहेब भाषण करायचे आणि बायका पेंगायच्या. मग आम्ही सांगितलं की आधी प्रश्न, मग उत्तर, भाषण नको. तेव्हा रंग आला. एकीने विचारलं की दुसरीला आठवायचं. गुजरातेत २००९ च्या सुमाराला 'अवाज ओटलो' नावाचा असाच एक प्रयोग झाला होता, शेतकऱ्याने नंबर लावून आवाजात प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आवाजातच ऐकायचं. तिथेही लोकांना एकमेकांचे प्रश्न ऐकायला आवडायचे, असं मी नंतर वाचलं. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण वाचून बरं वाटलं.

सगळ्यात जास्त प्रश्न कशावर आले असतील? माकडांवर. त्यानंतर रानडुकरांवर. नाचणी पिकायला आली की वरकसात माकडं उतरतात, आणि कित्येकांनी त्यामुळे वरकस सोडूनच दिलं आहे. ह्या प्रश्नाला कुठल्याही साहेबांकडे, कुठल्याही ॲपवर धड उत्तर नाही. काकी एकदा म्हणाल्या, "माकडांचाच एक ग्रुप काढा, त्यांना सांगा येऊ नका म्हणून." साहेबही हसले.

ज्या गोष्टीने गटावर लोकांचा विश्वास बसला ती अगदी साधी होती, मिठाच्या पाण्याची. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं, ढवळायचं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढायचे. तळाला बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या प्रत्येक पत्रकात असतं. मी ते दोन वर्षं गटात टाकत होतो. कुणी केलं नाही.

काकींनी स्वतः करून बघितलं. घरचंच बी, दरवर्षी राखून ठेवलेलं, त्यातलं किती तरी वर आलं. त्या थबकल्याच. एवढं पोचट बी आपण दरवर्षी पेरतो आणि मग रोप कमी पडलं म्हणून कपाळावर हात मारतो. मी त्यांना म्हटलं, हेच बोला, मी रेकॉर्ड करतो. त्या बोलल्या. मागे कोंबडा आरवतोय, कुणीतरी कळशी आपटतंय. "वर आल्यालं ठेवू नको, त्यो पोचाट हाय. कोंबड्यांना घाल, पन धुवून घाल, मीठ असतंय." दीड-दोन मिनिटांचा आवाज. तो मुंबईच्या गटात गेला, मुंबईकरांनी घरी फोन करून स्पीकरवर ऐकवला, बिरवाडीकडे सासरी असलेल्या काकींच्या लेकीने तो तिच्या वाडीत नेला. पुढे वरंध बाजूच्या एका बाईंनी मला फोन करून विचारलं, "ती कोंबड्यावाली बाई तुमच्याकडची का?" त्या वर्षी आमच्या वाडीत बऱ्याच घरांनी मिठाचं पाणी केलं. शब्द विद्यापीठाचेच होते. आवाज ओळखीचा होता, आणि तिचं खाचर कुठलं ते सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून मी स्वतः रेकॉर्ड करत नाही. ज्याने केलंय त्यालाच बोलायला लावतो. बचत गटांच्या 'उमेद' अभियानातल्या एक कृषी सखी आता हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात.

फोनवरून न शिकता येणाऱ्या गोष्टीही आहेत. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यात सगुणा राईस तंत्र तयार केलं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. मजूर मिळत नाहीत अशा आमच्या भागाला हे ऐकूनच हायसं वाटलं. त्याचे व्हिडिओ खूप फिरले. आमच्यातल्या एका तरुणाने ते बघून दोन खाचरांत करायला घेतलं. व्हिडिओत जमीन सपाट होती, आमची उताराची. वाफे कुठल्या दिशेने काढायचे, पाणी कुठून काढून द्यायचं, ते त्यात कळलं नाही. पहिल्या मोठ्या पावसात एका बाजूचे वाफे खचले, दुसऱ्या बाजूला तण माजलं. बेणणीला घरच्या बायकांनी नको नको ते ऐकवलं. पुढच्या वर्षी त्याने ज्याच्याकडे हे तंत्र चालू आहे अशा शेतकऱ्याचं शेत जाऊन बघितलं, वाफे उताराला आडवे घेतले, आणि तण वेळेवर आवरलं. आता त्याची ती खाचरं बरी आहेत. तो म्हणतो, व्हिडिओने इच्छा होते, पण हात जाऊनच बसतो. लावणीतल्या अंतराचंही तेच. दोरीवर खुणा करून एक दिवस कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवलं पाहिजे. त्यानंतर फोन आठवण करून द्यायला चांगला.

मध्ये एक वाईट झालं, ते सांगितलंच पाहिजे. पीएम किसानचे हप्ते २०१९ पासून येतात, वर्षाला ६००० रुपये. एकाच्या फोनवर त्या नावाची एक फाइल आली, 'केवायसी करा नाहीतर हप्ता बंद'. उघडली की एपीके बसतं आणि फोनातले ओटीपी दुसऱ्याकडे जातात. वाडीतल्या एका भावाने उघडली. खात्यातले पैसे गेले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तो नंबर आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला. अशा वेळी पहिल्या तासाला किंमत असते. पैशांपेक्षा मोठं नुकसान म्हणजे त्यानंतर लोक फोनवरचं काहीही उघडेनात. ई-पीक पाहणीचं खरं ॲपसुद्धा "नको बाबा" म्हणून नाकारायला लागले, आणि पीक पाहणी नोंदली नाही तर नुकसानभरपाईला अडतं. मला त्या भावाला समोरून भेटायची लाज वाटत होती, फाइल आमच्या गटातून गेलेली नसली तरी. तेव्हा गटात नियम केला: लिंक नाही, फाइल नाही. फोटो आणि आवाज, बस. कुणी टाकलीच तर ती लगेच काढायची आणि टाकणाऱ्याला फोन करायचा, रागवायचं नाही.

२०२५ चा मे महिना कुणी विसरणार नाही. पाऊस मे महिन्यातच कोसळत राहिला आणि मोसमी पाऊस २६ मेला मुंबईत पोचलासुद्धा. राब भिजले, कोरडी माती उरलीच नाही, धूळवाफेचा प्रश्नच संपला. म्हातारीकोतारीही गोंधळली, कारण त्यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं. या वेळी मुंबईहून सल्ले यायच्या आधी वाडीतूनच फोन गेले. कृषी सहायकांनी, आता त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय, रात्रीच्या फोनवर रहू पद्धत सांगितली. बी एक दिवस भिजवायचं, ओल्या पोत्यात बांधून मोड आणायचे, वाफा चिखलून, वरचं पाणी काढून त्यावर मोड आलेलं बी टाकायचं. एका आजींनी पलीकडून विचारलं, "आन् पाखरं?" साहेब म्हणाले, राखावी लागतील. आजी म्हणाल्या, "मंग ते सांगा ना आधी." दोघी-तिघींनी करून आवाज पाठवले, एकीचं बी रात्रीच्या सरीने एका कोपऱ्यात वाहून गेलं, तेही तिने सांगितलं. दुसरीने वाफ्याच्या कडेने चर काढला होता, तिचं राहिलं. मग बाकीच्यांनी चर काढले. ही माहिती कुठल्याच पत्रकात इतक्या लवकर आली नसती.

हवामानाच्या अंदाजाबद्दलही थोडं. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर बघता येतो. तो बघावा. पण जिल्हा आमचा आणि उरणचा एकच, पाऊस वेगळा. कापणीच्या दिवसांत मी अंदाज सांगतो आणि जोडीला आंबेनळीच्या माथ्यावर काय दिसतंय तेही विचारतो. विजांसाठी दामिनी ॲप आहे. ते घरातल्या एका तरी फोनवर असू द्या, परतीच्या पावसात बायका खाचरात असतात.

सगळं जमलं असं नाही. रेंज अजून टेपाडावरच नीट येते. काही घरांत फोन रिचार्जविना पडून असतो. आमचे मुंबईकर अजूनही गटात सुप्रभात टाकतात, त्यांना मी सोडून दिलंय. कृषी खात्याचं महाविस्तार नावाचं नवं ॲप आलंय, त्यात मराठीत विचारता येतं. तरुण पोरं वापरतात. काकींना मी ते दाखवलं, त्यांनी त्याला माकडांबद्दल विचारलं.

ज्यांच्याकडे गट नाही, कृषी सहायकांचा नंबर नाही, त्यांनी किसान कॉल सेंटरला फोन करावा. नंबर १८००-१८०-१५५१. पैसे लागत नाहीत, सकाळी ६ ते रात्री १० चालू असतं, मराठीत बोलतात, बटणांच्या फोनवरूनही लागतो. फक्त घरातून करू नका. खाचरात रेंज असेल तर तिथून करा, नसेल तर चूड उपटून टेपाडावर घेऊन जा. ते पानाबद्दल विचारतात तेव्हा पान हातात असावं. आणि शेत जी बघते, फोन तिलाच बोलू द्या.